काय घेतलंस, विचारणार नाही

अंबरनाथ (पूर्व), रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

राजसी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडताच ठेवून दिलंस तरी माझी तक्रार नाही. पत्ता तुझ्या आईच्या वहीतून घेतला. तिला विचारून घेतला, एवढं मात्र लक्षात घे.

रविवारी दुपारी साडेचारला ती तुझ्याशी फोनवर बोलायला बसते आणि मी चपला घालून खाली उतरतो. आठ वर्षं हेच चाललंय. आज गुडघा धरला होता म्हणून जिन्यातच बसलो. दार पूर्ण लागलं नव्हतं. सोनिया काहीतरी म्हणून दाखवत होती. मराठी होतं, मधेच जर्मन, पुन्हा मराठी. शब्द कळले नाहीत पण ताल कळला. शाळेच्या पुस्तकातली कविता आहे ती, तुला मीच शिकवली होती, शिवमंदिराच्या रस्त्याने चालता चालता. दर दुसऱ्या पावलाला जोर. तुझी लेक पाच वर्षांची झाली आणि तिचा आजोबा जिन्यात बसून ताल मोजतोय.

मला कवितेचं हे वेड कुळगावच्या शाळेत लागलं. गुरुजी हातातली छडी बाजूला ठेवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, तेवढा वेळ वर्गात कुणी कुणाला चिमटासुद्धा काढत नसे. पुढे कारखान्यात लागलो, लेथवर उभा राहिलो, तरी ओठ हलतच राहिले. १९८६ साली कारखान्याने सहा महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं तेव्हा फ्राउ केलर नावाच्या बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती, तुला माहीतच आहे. शर्टाला इस्त्री करताना मी मोठ्याने म्हणत असे. बाईंनी एकदा दार वाजवून विचारलं, ही तुमची प्रार्थना का? मी हो म्हणालो. त्यांनी हळूच दार ओढून घेतलं.

त्या बाईंना हप्त्यावर वस्तू घेणं म्हणजे लाज वाटायची. सोफ्याची स्प्रिंग वर आली होती तर त्यावर उशी ठेवून म्हणे दोन वर्षं बसल्या होत्या. नवा आणला तो पूर्ण पैसे साठल्यावर, नोटा मोजून देऊन. पाव आणायला जाताना नाण्यांची छोटी पर्स. बेकरीवाला आणि त्या, दोघं मिळून नाणी मोजत, मागे रांग लागली तरी कुणी खाकरत नसे. मी तुला हे सगळं इतक्यांदा सांगितलं की तू विमानात बसण्याआधीच तो देश तुला ठाऊक होता. आणि तरीही, २०१३ साली, तुझ्या हातात मी काय दिलं? माझ्या बँकखात्याला जोडलेलं कार्ड.

आज इतकंच. मला काय हवं आहे ते सरळ लिहितो, नाहीतर चार पानं भरून पाठवीन आणि तू विचारशील की यांना म्हणायचंय काय. मला एकदा सोनियाशी बोलायचं आहे. तू नाही म्हणालीस तर नाही.

बाबा


शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

राजसी,

उत्तर नाही. अपेक्षाही केली नव्हती, असं लिहिलं तर खोटं ठरेल. पोस्टमन आता आठवड्यातून दोनदाच येतो, तरी मी रोज अकराला खाली असतो.

तुला हसू येईल असं काहीतरी घडलंय.

विनीतने उन्हाळ्यात माझ्या फोनवर पैसे द्यायची सोय करून दिली. "बाबा, सध्या फसवणूक फार. तुमचं खातं नकोच, माझ्याच खात्याला जोडतो, तुम्ही नुसतं स्कॅन करायचं." बदलापूरहून खास आला, तासभर बसून शिकवलं. मला फार कौतुक वाटलं. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे ते काळे-पांढरे चौकोन आणि आपणही त्यातले.

मला साखरेची बंदी आहे हे तुला आईने सांगितलं असेलच. अंबरनाथात जिलबी खाल्ली तर संध्याकाळपर्यंत घरी कळतं, म्हणून मी शेअर रिक्षा बदलत उल्हासनगरला जातो, कॅम्प तीनला. मुकेशचं दुकान आठवतं? त्याच्या वडिलांच्या वेळी तू काउंटरवर बसून शेव खायचीस. तिथे मी मागच्या बाजूला पिंपाजवळ उभा राहून पाव किलो खाल्ली. स्कॅन केलं. दुकानातलं ते बोलणारं यंत्र खणखणीत आवाजात ओरडलं, अमुक रुपये मिळाले. रुमालाने हात पुसतोय तोच विनीतचा फोन.

"बाबा, मुकेश स्वीट्सला काय घेतलंत?"

"आईसाठी चिवडा."

"आईला चिवडा चालत नाही, दात दुखतोय तिचा."

"मग... पाहुण्यांसाठी."

"कोण पाहुणे?"

राजसी, एकाहत्तर वर्षांचा माणूस, बोटांना पाक लागलेला, मुलाशी खोटं बोलतोय आणि ते खोटं धड जमतही नाही. मुकेश सगळं ऐकत होता. म्हणाला, "काका, टेन्शन मत लो, अगली बार कॅश लाओ. कॅश का कोई बाप नहीं होता." शेवटी विनीत म्हणाला, "रागावू नका हो. काळजी वाटते म्हणून विचारलं."

काळजी वाटते म्हणून विचारलं. हेच वाक्य. माझ्या तोंडचं, शब्दही तेच.

तू गेलीस तेव्हा मी सांगितलं होतं, सगळीकडे कार्डच वापर, म्हणजे माझ्या फोनवर मेसेज येईल आणि मला कळेल तू बरी आहेस. तू म्हणालीस, "बाबा, इथे कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड घेतच नाहीत. तुम्हीच सांगायचात ना?" मी म्हणालो, मग जिथे घेतात तिथे जा. आणि तू जायचीस. थंडीत दोन ट्रामस्टॉप पुढे, मोठ्या दुकानात, दोन युरोच्या पावासाठी, केवळ बापाचा फोन वाजावा म्हणून. तो देश नोटा-नाणी वापरतो हे मलाच सगळ्यांच्या आधी ठाऊक, आणि मीच माझ्या पोरीला तिथे वेगळं पाडलं.

पण ते मेसेज मला काय वाटायचे हे तुला कधी सांगितलं नाही. दुकानाचं नाव, आकडा, तारीख. तीन लहान ओळी. मला त्या कवितेच्या ओळी वाटायच्या. सकाळी पाव, दुपारी पुस्तकांचं दुकान, संध्याकाळी फुलं. फुलं कुणासाठी, हे पहिल्या वर्षी मी विचारलं नाही. भिंतीवर नकाशा लावला होता, महिन्याचा हिशेब बँकेतून आला की त्यातल्या गावांवर पेन्सिलीने टिंब करायचो. ड्रेस्डेनभोवती टिंबं, मग दर शुक्रवारी लाइपझिग. मग एका दुकानाचं नाव आलं. मी विनीतला ते शोधायला लावलं. पुरुषांच्या बुटांचं दुकान निघालं.

बूट कुणाचे, असं मी विचारलं आणि तू फोन ठेवलास. आपलं बिनसलं ते तिथून, असं मी सगळ्यांना सांगतो.

बाबा


सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

राजसी,

येन्सने तुला सांगितलं असेलच. तरी माझ्या बाजूनेही ऐक.

तो कंपनीच्या कामाला पुण्यात येणार हे तुझ्या आईला महिनाभर माहीत होतं. मला शनिवारी सकाळी सांगितलं, तेही पोहे परतताना, माझ्याकडे पाठ करून. "जावई येतोय. दहा वाजता. दाढी करा." मी म्हणालो, कुणाचा जावई? ती म्हणाली, "माझा तरी आहे. तुमचं तुम्ही बघा."

उंच माणूस. दारात वाकून आला, बूट काढले, जोडीने सरळ ठेवले. त्या बुटांकडे मी पाहिलं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. इंग्रजी माझं तोडकं, त्याचं नीट. आईने पोहे दिले, त्याने दुसऱ्यांदाही घेतले. मग आम्हा दोघांना काय बोलावं कळेना, तेव्हा तुझ्या आईने हुकूम सोडला की मुकेशकडून मिठाई घेऊन या, सोनियासाठी द्यायची आहे.

रस्त्यात शहाळी घेतली. येन्सने खिशातून पर्स काढली, आणि मी थबकलोच. तशीच, फ्राउ केलरसारखी, नाण्यांना वेगळा कप्पा. त्याने पाचशेची नोट पुढे केली. शहाळंवाला चंदू म्हणाला, "छुट्टा नाय साहेब, स्कॅन करा ना." येन्सने पर्स उलटीपालटी केली. शेजारच्या केळेवाल्याकडे सुटे नाहीत, रिक्षावाल्याकडे नाहीत. सगळ्यांच्या गाड्यांवर चौकोन. चंदूला मजा वाटायला लागली. "हे कुठले पाहुणे, काका? जर्मनीचे? मोठमोठ्या गाड्या बनवतात आणि नोटा काढतात? माझी म्हातारीपण स्कॅन करते." येन्सला मी भाषांतर करून सांगितलं. तो हसला. म्हणाला, आता आमच्याकडेही बरेच लोक फोनने देतात, साथीच्या दिवसांनंतर तर फारच. पण मी नाही.

शेवटी मी फोन काढला, एकशे वीस रुपये दिले. शहाळ्यातली नळी तोंडात घालतोय तोच विनीत.

"बाबा, चंदू नारियलवाल्याला एकशे वीस कसले? एक शहाळं साठला मिळतं. बरोबर कोण आहे?"

आता त्यालाही आईने सांगितलं नव्हतं. मी येन्सकडे पाहिलं. म्हणालो, "एक मित्र." फोन ठेवला.

येन्सने विचारलं, कोण होतं? मी खरं ते सांगितलं. मी कुठे किती पैसे देतो ते मुलाच्या फोनवर दिसतं, आणि तो काळजीने विचारतो. येन्स बराच वेळ नळीने बर्फासारखं थंड पाणी ओढत राहिला, संपलं तरी ओढत राहिला.

मग त्याच्या आईबद्दल बोलला. तुला माहीत असणार, मला नव्हतं. पूर्वेकडच्या जुन्या जर्मनीत तिच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे. कोण आलं, कोण गेलं, पिशवीत काय होतं, सगळं लिहून वर गुप्त पोलिसांना कळवायचे. बर्लिनची भिंत पडल्यावर ती त्यांच्या कचेरीत जाऊन स्वतःची फाइल वाचून आली. त्यात लिहिलं होतं, अमुक तारखेला दोन माणसांपुरतं मटण घेतलं. ती विधवा होती. त्या दोन माणसांपुरत्या मटणावरून तिला बोलावून विचारलं होतं, दुसरं कोण? येन्स म्हणाला, "आई अजून नोटाच वापरते. ती म्हणते, पावाचं काय ते मी आणि बेकरीवाला बघून घेऊ. तळमजल्यावरच्या त्या माणसाचा राग तिला कधी आला नाही, असं म्हणते. तो वाईट नव्हता. त्यालाही वाटायचं, आपण सगळ्यांची काळजी घेतोय."

हे तो माझ्याकडे न बघता बोलला. चांगला माणूस आहे.

मुकेशच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने स्कॅन केलं आणि यंत्र ओरडलं, तेव्हा येन्स दचकून मागे सरकला. मुकेश हसला. "काका, दामाद को बोलो डरने का नहीं. ये तो खुशखबर सुनाता है." येन्सने विचारलं, पण सगळ्या दुकानाला का सांगतं ते? मुकेश म्हणाला, "क्योंकि किसी ने दिए बिना बोल दिया कि दे दिए, तो?"  येन्सने पाचशेच्या दोन नोटा काउंटरवर ठेवल्या, मुकेशने गल्ल्याच्या तळातून चुरगळलेले सुटे शोधून दिले. "साठ साल पुराना धंदा है, छुट्टा निकलेगा ही."

परतताना रिक्षात तो आणखी एक गोष्ट बोलला. मार्च २०१६ मधली. ती आज लिहवत नाही.

बाबा


रविवार, १५ डिसेंबर २०२४

राजसी,

तीन आठवडे गेले. लिहितो.

बुटांवरून आपलं बिनसलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. बुटांच्या भांडणानंतर तू चार दिवसांत बोलायला लागली होतीस. उलट चिडवलं होतंस मला, "बाबा, तुमच्या मापाचे नव्हते, म्हणून नाही घेतले." आपलं तुटलं ते त्यानंतर, मार्चमध्ये.

मेसेजमध्ये एका दवाखान्याचं नाव आलं. एरवी कार्डाकडे ढुंकूनही न बघणारा तो देश, पण त्या दवाखान्यात नेमकं कार्ड चाललं. विनीतने शोधलं, बायकांच्या डॉक्टरांचा निघाला. घरात तुझी आत्या आलेली होती. मी तिच्यासमोर, विनीतसमोर तुला फोन लावला. आणि विचारलं, "कुठे काय निस्तरून आलीस?"

हे वाक्य मी आठ वर्षांत कुणाजवळ उच्चारलं नाही. तुझ्या आईलाही, मी फोनवर जरा चढ्या आवाजात बोललो, इतकंच सांगितलं. ती तेव्हा गच्चीवर वाळवण काढत होती. ती तुझ्याशी बोलत राहिली आणि तू तिला कधी सांगितलं नाहीस, हे मला आता कळतं. तू माझी लाज राखलीस.

तू त्या दिवशी एवढंच म्हणालीस, "बाबा, तुम्ही रोज माझी पर्स उघडून बघता." पंधरा दिवसांनी पाकीट आलं, त्यात कार्डाचे दोन तुकडे. चिठ्ठी नव्हती.

येन्सने रिक्षात सांगितलं, दहा आठवड्यांचं होतं. त्या सकाळी रक्त गेलं म्हणून तू धावत गेलीस. एका तपासणीचे पैसे तिथेच भरायचे होते आणि पर्समध्ये नोटा कमी पडल्या. मूल गेलं होतं. घरी येऊन झोपलीस आणि फोन वाजला, तुला वाटलं बाबांना कळलं, बाबा विचारतायत.

तुला वाटलं होतं की मी तुझी चौकशी करायला फोन केला. हे येन्स बोलला नसता तर बरं झालं असतं, असं एक क्षण वाटलं. मग वाटलं, नाही, हे मला कळायलाच हवं होतं.

माफी मागतो. पुढे काही जोडत नाही. काळजी होती, जमाना वेगळा होता, आत्या समोर होती, यातलं काही जोडत नाही.

तुझ्या आईलाही आता सगळं सांगितलं. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "तिला लिहिलंत का हे? माझ्याजवळ रडून काय उपयोग?"

तुझ्या कार्डाचे सगळे हिशेब मी एका फाइलमध्ये जपून ठेवले होते. पत्रं ठेवावीत तसे. काल ते फाडले, बादलीत भिजवले, लगदा करून टाकला. न वाचता फाडायचं ठरवलं होतं. खोटं कशाला सांगू, एक पान वाचलं. तीन युरो चाळीस, स्टेशनवरचं दुकान, नोव्हेंबरातला बुधवार. काय घेतलं असशील कुणास ठाऊक. मी तेव्हा त्यावरून तुझी एक अख्खी संध्याकाळ रचली होती, धुकं, बाकडं, हातात गरम पेला. आता वाटतं, ती संध्याकाळ तुझी होती. मी उगाच आत शिरून बसलो होतो.

विनीतला बोलावलं आणि सांगितलं, फोन तुझ्या खात्यातून काढ. तो दुखावला. "बाबा, उद्या कोणी फसवलं तर?" मी म्हणालो, "फसेन." "साखर वाढली तर?" "वाढली तर डॉक्टरला सांगेन, आणि तुला सांगावंसं वाटलं तर तुलाही सांगेन." तो म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही." त्याचा चेहरा बघून मला माझा तेव्हाचा चेहरा दिसला. आपण प्रेमच करत होतो अशी खात्री असलेल्या माणसाचा चेहरा. त्याला जवळ बसवून मार्चमधलं ते वाक्य सांगितलं. मी फोन केला तेव्हा ते त्यानेही ऐकलं होतं, पण त्या सकाळी तुझं काय गेलं होतं ते त्याला आत्ता कळलं. त्याने माझा फोन हातात घेतला, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "झालं."

सोनियाशी बोलायची परवानगी मागितली होती. ती मागणी परत घेतो. मागायचा हक्क आधी मिळवावा लागतो.

बाबा


रविवार, २६ जानेवारी २०२५

राजसी,

तुझं कार्ड आलं. पोस्टाचं, चित्राचं. एल्बे नदी आणि पूल. मागे चारच ओळी, मराठीत, आणि अक्षर अजून शाळेतलंच.

सोनियाला घेऊन फेब्रुवारीत येतेस. आधी दोन-चार दिवस तुमचे तुम्ही कुठेतरी राहणार, मग इकडे. कधी ते लिहिलं नाहीस. विमानतळावर कुणी यायचं नाही, एवढं मात्र ठळक अक्षरात. बरं.

तुझ्या आईला तारीख माहीत आहे. कार्ड वाचून झाल्यावर तिने चष्म्यावरून बघितलं. "सांगू का?"

"नको."

"बघा हं. नंतर म्हणाल सांगितलं नाही."

"नाही म्हणणार."

तिला ते खरं वाटलं नसावं. दिवसभर मधूनमधून माझी परीक्षा घेते. "पुढच्या महिन्यात गॅस लवकर संपेल बहुतेक." मी पेपरात डोकं घालतो. "गाद्यांना ऊन दाखवायला हवं." मी म्हणतो, दाखव. विनीतही सामील आहे, त्याने परवा फोनवर गाडीचं काहीतरी विचारलं, तर ही मोठ्याने म्हणाली, "अरे, तुझे बाबा इथेच बसलेत," आणि दोघं हसली. तो हल्ली हसतो माझ्याशी. जिलबी आणली होती मागच्या आठवड्यात, दोनच वळसे, म्हणाला मोजून खा.

राजसी, माझ्यासारख्याला हे फार जड जातं. मला एक टिंब मिळालं की मी त्यावरून आख्खी वाट आखणारा माणूस. दूध किती वाढवलं, चादरी कधी धुतल्या, एवढ्यावरूनही मी तारीख काढू शकतो. म्हणून या दिवसांत सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो, शिवमंदिरापर्यंत, ओठ हलवत. लोकांना वाटतं म्हातारा जप करतोय.

आत्ताही, हे लिहीत असताना, दूधवाला दारात आला आहे. तुझी आई त्याला सांगते आहे, "भाऊ, पुढच्या महिन्यात जास्तीचं दूध लागेल, तारीख..."

मी उठलो आणि रेडिओ मोठा केला.

तुझा,
बाबा